मामांची दुर्बीण, कप्तानांचे डोळे

मामांचं आयुष्य लोकांच्या डोक्यांकडे बघण्यात गेलं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं सलून होतं. सकाळी शटर वर गेलं की मामांची मान खाली जायची, ती जेवायच्या सुट्टीलाच वर यायची. कोणाचा भोवरा उजवीकडे, कोणाचं टक्कल कुठून सुरू झालंय, कोणी कलप लावून वय चोरलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. समोरून येणारा माणूस त्यांना चटकन ओळखू यायचा नाही, तो पाठमोरा झाला की मामा म्हणायचे, "अरेच्चा, हा तर आपला औषधवाला!"

साठी उलटली आणि मानेनं संप पुकारला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला, मामांच्या झिजलेल्या मणक्यांवरून पेनाचं टोक फिरवलं आणि म्हणाल्या, "मामा, फार वर्षं खाली बघितलंत. आता कात्री ठेवा. रोज संध्याकाळी मान नीट मागे टेकवून निवांत वर बघत बसायचं."

"वर म्हणजे कुठे?"

"कुठेही. आभाळात बघा."

सलून आधीपासूनच जावई बघत होता. त्यानं कात्री मामांकडूनच हातात घेतली होती, आणि मुलगी दिली तीही त्याचा हात बघूनच. आता दुकान पूर्ण त्याच्याकडे गेल्यावर त्यानं नवे आरसे लावले, नव्या खुर्च्या आणल्या. मामांची जुनी खुर्ची, लोखंडी पायाची, डोकं टेकायला उशी असलेली, दांडा ओढला की पाठ मागे झोपणारी, भंगारात निघाली होती. मामांनी ती जाऊ दिली नाही. हमाल लावून, शिव्या खात, ती तीन जिने चढवून गच्चीवर नेली.

मामी वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, आता कावळ्यांची दाढी करणार का?"

"मान टेकवायला आणलीय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी उशी सांगितली असेल. तुम्ही अख्खं दुकान वर आणलंत."

मामा रोज संध्याकाळी त्या खुर्चीत आडवे होऊन आभाळाकडे बघू लागले. सुरुवातीला कंटाळा आला. आभाळाला ना भोवरा, ना भांग. पण चार-आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की काही चांदण्या रोज त्याच घोळक्यात येतात, आणि एक मोठी ठळक चांदणी मात्र हळूहळू जागा बदलतेय. ओळखीचं गिऱ्हाईक वेगळ्या वेळी दारात दिसावं तसं त्यांना झालं. ते जेवताना तिच्याबद्दल बोलू लागले, आणि मुलीनं आणि जावयानं ठरवून त्यांच्या वाढदिवसाला टेलिस्कोप आणला.

खोका मोठा झोकदार होता. वर कडीवाल्या शनीचं रंगीत चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत काहीतरी सहाशे पट वगैरे. मामांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे भाग मांडून तो जोडला. एक स्क्रू उरला, तो त्यांनी गुपचूप खिशात टाकला. संध्याकाळी चंद्र वर आल्यावर घरचे सगळे गच्चीवर जमले. मामांनी डोळा लावला. आत मिट्ट काळोख. नळी इकडे वळवली, तिकडे वळवली. मग एकदम पांढरंशुभ्र काहीतरी सर्रकन पळालं. मग काळ्या गवतासारखं काहीतरी दिसू लागलं. ती त्यांचीच पापणी होती.

"काय दिसतंय?" मामींनी विचारलं.

"अंधार."

"तो तर आम्हाला फुकट दिसतोय," मामी म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मामा चिवट माणूस. आठवडाभर झटले. पण हात लागला की नळी थरथरायची, थरथर थांबेपर्यंत चंद्र निघून जायचा. नव्याचे नऊ दिवसही पुरे झाले नाहीत, आणि टेलिस्कोप पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जुन्या चादरीखाली जाऊन उभा राहिला.

त्याच सुमारास व्याही राहायला आले.

जावयाचे वडील बंदराच्या गावात एकटे राहायचे. त्यांनी आयुष्य बंदराच्या टेहळणी मनोऱ्यात काढलं होतं. कुठलं जहाज येतंय, कुठलं नांगर टाकतंय, हे बघून खाली कळवायचं काम. जहाजावर ते कधी चढले नसतील, पण लोक त्यांना कप्तान म्हणायचे आणि त्यांनी ते कधी नाकारलं नव्हतं. आवाज असा की शेजारच्या घरात बोलले तरी आपल्या घरात उत्तर द्यावंसं वाटे. त्यांच्या घराचं छप्पर बदलायला काढलं होतं, म्हणून मुलानं त्यांना महिना-दोन महिने आपल्याकडे, मामांच्या खालच्या मजल्यावर, बोलावून घेतलं.

मामांना हे ऐकून घाम फुटला. कारण दोन्ही व्याह्यांमध्ये एक मिशी होती.

लग्नाच्या सकाळी कप्तानांनी मोठ्या प्रेमानं मामांना म्हटलं होतं, "व्याही, तुमचा हात नावाजलेला. जरा मिशीला आकार द्या." मामांनी वस्तरा धरला, आणि नेमकं त्याच क्षणी कप्तानांना फोटोवाला दिसला. "अरे ए!" म्हणून ते वळले. अर्धी मिशी मामांच्या हातात आली. उरलेली अर्धीही मग काढावीच लागली. लग्नाच्या प्रत्येक फोटोत कप्तान वरच्या ओठावर रुमाल धरून उभे आहेत. तेव्हापासून बोलणं चालू होतं, पण बेतापुरतं. "बरे आहात ना?" "आहे." संपलं.

कप्तान आले ते एक बॅग आणि गळ्यात दुर्बीण घेऊन. दोन नळ्यांची, जाडजूड, रंग झिजून कडांना पितळ उघडं पडलेली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी ती त्यांना दिली होती. पहिल्याच संध्याकाळी ते जिन्याचा कठडा घट्ट धरत गच्चीवर आले आणि चादरीखालचं प्रकरण हातानं चाचपून म्हणाले, "व्याही, ही दुर्बीण आहे की फुंकणी?"

"मुलांनी प्रेमानं दिलीय," मामा म्हणाले.

"मग चादर का पांघरलीय? थंडी वाजते तिला?"

मामांना राग आला, पण खरं सांगावं लागलं की आत काहीच दिसत नाही. कप्तान खुलले. कोणाला काही येत नाही म्हटलं की ते नेहमीच खुलायचे.

"कुठली काच लावलीत डोळ्याकडे? सगळ्यात बारीक? तीच खोक्यावरची सहाशे पट? ती फेकून द्या. सगळ्यात लांबुडकी काच असेल ती लावा. मोठं कमी दिसेल, पण दिसेल तरी. आणि ही वरची छोटी नळी कशासाठी आहे माहितीय? नेम धरायला. ती दिवसाउजेडी जुळवून घ्यायची. लांबचा मोबाइलचा टॉवर मोठ्या नळीत पकडा, मग छोटी नळी हलवून तोच टॉवर तिच्या मधोमध आणा. आणि सूर्याकडे चुकूनही वळवायची नाही. डोळा एकदा गेला की गेला." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज उगीचच खाली आला.

"तुम्हीच जुळवून द्या ना," मामा म्हणाले.

"मी असल्या फुंकणीला डोळा लावत नाही," कप्तान म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी टॉवर पकडला. दिसलं ते डाव्याचं उजवीकडे होतं, पण त्याचं मामांना काहीच वाटलं नाही; उभा जन्म आरशात बघून लोकांचे भांग पाडले होते. तिपाई हलते म्हटल्यावर कप्तानांनी तिच्या मधोमध वाळूची पिशवी लटकवायला सांगितली. खिशातला स्क्रूही आपल्या जागी गेला. आणि संध्याकाळी, आभाळ अजून पुरतं काळं झालेलं नसताना, मामांनी छोट्या नळीत अर्धा चंद्र धरला, मोठ्या नळीला डोळा लावला आणि श्वासच घ्यायचे थांबले.

चंद्राला खड्डे होते. उजेड संपून काळोख सुरू होतो त्या रेघेवर तर एकेका खड्ड्याची कड वेगळी दिसत होती, आतली सावली वेगळी. काळोखात बुडालेल्या एका डोंगराच्या नुसत्या टोकावर ऊन पडलं होतं. आजूबाजूला काही नाही, फक्त एक उजेडाचा ठिपका.

"अगं ए," मामा ओरडले, "लवकर वर ये! गॅस बंद करून ये!"

मामी आल्या, कुरकुरत वाकल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "एवढा चांगला दिसतो, आणि लोक मेले त्याला देवीचे व्रण आहेत म्हणून नावं ठेवतात." मुलगी आली, जावई दुकान बंद करून आला, समोरच्या बिऱ्हाडातली शिक्षिका आली. कप्तान खुर्चीत बसून प्रत्येकाला सूचना देत होते. खुद्द मात्र उठले नाहीत. "मी मनोऱ्यावरून इतका चंद्र पाहिलाय की आता तो मला ओळख दाखवतो," ते म्हणाले.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा गच्चीवर होऊ लागला. दोघं व्याही भांडायचे, पण त्या भांडणात आता चव आली होती. कप्तानांचं म्हणणं, आभाळ बघावं तर दोन डोळ्यांनी. एका डोळ्यानं बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं. मामांचं म्हणणं, भोक लहान असलं तरी नवरी दिसल्याशी कारण.

एका संध्याकाळी पूर्वेला ती ठळक चांदणी वर आली. मामांना एव्हाना कळलं होतं की तो गुरू आहे. कप्तान खुर्चीत मागे झुकले, कोपरं खुर्चीच्या दोन्ही हातांवर टेकवली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. "हा! बघा व्याही, याला म्हणतात बघणं. गुरू मधोमध, आणि चार चंद्र. दोन इकडे, दोन तिकडे. मोत्याच्या सरीसारखे सरळ रेषेत."

मामा शेजारी उभे होते. त्यांनी दुर्बिणीकडे पाहिलं. दोन्ही मोठ्या काचांवर काळी झाकणं तशीच घट्ट बसलेली होती.

गिऱ्हाइकाचा केसांचा टोप सरकलेला दिसला तर आरशाकडे बघायचं नाही, हे मामांना फार लवकर समजलं होतं. "द्या बघू मला," म्हणून त्यांनी दुर्बीण हातात घेतली, पाठ वळवून हळूच झाकणं काढली आणि पाहिलं. गुरू होता. चंद्र तीन होते, तीनही एकाच बाजूला.

"दिसले का चार?" कप्तानांनी विचारलं.

"दिसले," मामा म्हणाले.

पण रात्री त्यांना झोप लागेना. एकेक गोष्ट जुळत गेली. कप्तान जिन्यात पायरी आधी पायानं चाचपतात. चहाचा कप टेबलावर ठेवताना दुसऱ्या हातानं कड शोधतात. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सुनेला सांगतात आणि म्हणतात, तुझा उच्चार सुधारतो. आणि दाढी! जबड्याखाली डाव्या बाजूला रोज एक पट्टा सुटलेला असायचा. मामांनी पहिल्याच दिवशी तो पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, माणूस घाईत असेल. आरशात बघून दाढी करणाऱ्याचा पट्टा रोज त्याच जागी सुटत नाही. हा माणूस हातानं चाचपून दाढी करत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मामा गच्चीवर गेले ते गरम पाण्याची बादली, टॉवेल, साबण आणि वस्तरा घेऊन. कप्तान खुर्चीत होते. साबणाचा वास येताच ते ताठ झाले.

"व्याही, काय बेत आहे?"

"दाढी करतो तुमची."

"माझ्या मिशीजवळ तुम्ही? त्यापेक्षा मी कडेलोट पत्करीन."

"मिशीला हात लावणार नाही. या वेळी फोटोवालाही नाही. तुम्ही फक्त मान हलवू नका."

कप्तानांनी डोकं मागे टेकवलं. मामांनी गरम टॉवेल पिळून तोंडावर ठेवला. गरम टॉवेलाखाली माणूस सैल पडतो आणि जे बायकोला सांगत नाही ते सांगतो, हे मामांना ठाऊक होतं. टॉवेल काढून साबण लावता लावता ते अगदी हवापाण्याच्या सुरात म्हणाले, "किती दिवस झाले दिसत नाहीये?"

कप्तानांचा गळा हलला. मामांनी वस्तरा लांब धरला.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या दाढीनं."

खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. ती लांब गेल्यावर कप्तान बोलले ते इतक्या हळू की मामांना वाकावं लागलं. "धुकं आहे हो. बंदरावर पहाटे यायचं ना, तसं. आधी वाटलं चष्म्याची काच खराब झाली. दोन वर्षं झाली असतील. दिव्यांना झालर येते, माणसं सावल्यांसारखी दिसतात. तुमचा तो चंद्र मला पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो."

"मोतीबिंदू असेल. आजकाल काय, सकाळी जातात, दुपारी घरी जेवायला येतात."

"माझ्या थोरल्या भावाचाही मोतीबिंदूच होता." कप्तानांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. "पट्टी काढली तर काळोख. पुढे शेवटपर्यंत काळोख. निदान मला धुकं तरी दिसतंय, व्याही. तेही गेलं तर? ज्या माणसानं जन्मभर फक्त बघण्याचं काम केलं, त्यानं मग करायचं काय?"

मामांनी जबड्याखालचा तो सुटलेला पट्टा सावकाश काढला. मग म्हणाले, "ती फार जुनी गोष्ट झाली. मी येतो तुमच्याबरोबर. नुसतं दाखवून येऊ. नाही पटलं तर चहा पिऊन परत."

"मुलांना सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आणि तुमच्या घरातल्यांना?"

"तिला सांगायची गरज पडत नाही," मामा म्हणाले, "तिला आपोआप कळतं."

आणि तसंच झालं. दोन व्याही, एरवी एकमेकांशी भांडणारे, सकाळी इस्त्रीचे कपडे घालून "जरा फिरून येतो" म्हणून निघाले, तेव्हा मामींनी मामांच्या हातात छत्री आणि मोठा रुमाल दिला. "डोळ्यात औषध घालतील. उन्हात त्रास होतो," एवढंच म्हणाल्या. मामा बघतच राहिले. "अहो, गेले कित्येक दिवस ते मला सूनबाई समजून हाक मारतायत," मामी म्हणाल्या. "मी वाट बघत होते, तुमच्या कधी लक्षात येतंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाले, "चांगला पिकलाय. पण मागचा पडदा ठणठणीत दिसतोय. इतके दिवस का थांबलात?" कप्तान म्हणाले, "छप्पर दुरुस्तीला होतं." डॉक्टरांना काही कळलं नाही. मामांना हसू आवरेना.

मुलांना अर्थातच सांगावं लागलं. मुलगी चिडली, सासऱ्यांवर आणि बापावर सारखीच, आणि चिडता चिडता रडली. जावई ऑपरेशनच्या दिवशी दुकान बंद ठेवून आला. आत जायच्या आधी कप्तानांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी मामांचा हात असा धरला होता की नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं. पण तासाभरात ते डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी वाटी काढली. कप्तानांनी खिडकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग मामांकडे. बराच वेळ मामांकडेच बघत राहिले.

"अरे बापरे, व्याही," ते म्हणाले, "तुम्ही किती म्हातारे झालात हो!"

"आणि तुम्ही काय कोवळे आहात? तो आरसा बघा."

कप्तानांनी आरसा बघितला आणि गालावरून हात फिरवला. मग दोघंही इतके हसले की नर्सला येऊन दटावावं लागलं.

दुसऱ्या डोळ्याचंही काही दिवसांनी झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी कप्तान कठडा न धरता गच्चीवर चढले. आभाळ स्वच्छ होतं. पश्चिमेला शेवटची तांबूस कड विझत होती आणि डोक्यावर चांदण्या एकेक करून उमटत होत्या. कप्तान खुर्चीत झुकले, दुर्बीण घेतली, दोन्ही काचा आपापल्या डोळ्यांना जुळवून घेतल्या.

"कृत्तिका कुठे?" त्यांनी विचारलं.

"तो बघा डोक्यावरचा छोटा झुपका. नुसत्या डोळ्यांना पाच-सहा दिसतात."

कप्तानांनी दुर्बीण तिकडे वळवली आणि त्यांचा तो सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा आवाज एकदम नाहीसा झाला. मामा वाट बघत राहिले. मामी चहा घेऊन आल्या आणि त्याही कप हातात धरून थांबल्या.

"निळ्या आहेत," कप्तान अखेरीस म्हणाले. "व्याही, या निळ्या आहेत. मी इतकी वर्षं यांना पांढऱ्या समजत होतो. मोजताच येत नाहीयेत." त्यांचे गाल ओले झाले होते. "डॉक्टर म्हणाले होते थोडं पाणी येईल म्हणून," ते घाईघाईनं म्हणाले.

"येतंच," मामा म्हणाले.

मग कप्तान उठले, पहिल्यांदाच त्या फुंकणीपाशी गेले आणि वाकून आत पाहू लागले. मामांनी गुरू धरून ठेवला होता. या वेळी चंद्र खरोखरच चार होते, तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, आणि कप्तानांनी ते बरोबर मोजले. वर गुरूच्या अंगावर दोन फिकट पट्टे आहेत असंही म्हणाले. मामांना ते पट्टे आजवर दिसले नव्हते. त्यांनी पुन्हा डोळा लावला, पुष्कळ वेळ थांबले, आणि मग दिसले.

"वाईट नाहीये तुमची फुंकणी," कप्तान म्हणाले.

छप्पर कधीच पुरं झालं होतं. तरी कप्तान आणखी पंधरा दिवस राहिले, आणि एका सकाळी बॅग उचलून आपल्या गावी गेले. जाताना ते सुनेला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, बातम्या संपेपर्यंत रिक्षावाल्याला थांबवून.

आता अंधार पडू लागला की मामांचा फोन वाजतो.

"व्याही, तुमच्याकडे आभाळ कसं आहे?"

"मोकळं. तुमच्याकडे?"

"समुद्रावरून ढग येतायत. पण चंद्र अजून उघडा आहे. त्याच्या खालच्या अंगाला एक मोठा खड्डा आहे, त्यात मधोमध डोंगर, तो बघा."

"दोन डोळ्यांनी तुम्हाला डोंगर दिसतो?"

"कठड्यावर कोपरं टेकली की दिसतो. तुम्ही बघा तर खरं."

मामा फोन मामींच्या हातात देतात आणि नळीकडे वळतात. खड्डा सापडेपर्यंत मामी कप्तानांना जेवलात का, औषध घातलंत का विचारतात, आणि कप्तान सगळ्याला हो म्हणतात. मग मामा लांबूनच ओरडतात, "सापडला! पण डोंगर एक नाही, दोन आहेत!"

"एक आहे!" फोनमधून कप्तान ओरडतात.

मामी फोन कानापासून लांब धरतात, गच्चीच्या कठड्यावर ठेवतात आणि खाली पानं घ्यायला जातात.